शेळी पावसात नाचत नाही

“खोडलं? सगळं खोडलं? कुणी सांगितलं तुमाला खोडायला? हात वर करा आधी!”

आक्का, हा आवाज माझा होता. तुमच्या शोकसभेत, अध्यक्षांचं भाषण निम्म्यावर आलेलं असताना, मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो. खुर्ची माझी, मंडप माझा, माइक माझा, भोंगे माझे. त्यामुळं मला खाली कसं बसवायचं हे कुणाला सुचेना. अध्यक्ष बापूसाहेब “शांतता राखा, शांतता राखा” म्हणून राहिले होते, तर मी वायरच उपटली. त्यांचा आवाज गेला. माझ्या नरड्याला वायर लागत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. औंढ्याच्या वाटेला चरायला गेलेल्या म्हशी त्या आवाजानं धार काढायची वेळ झाली समजून माघारी वळल्या म्हणतात. मी पाहिल्या नाहीत, पण मला ते खरं वाटतं.

झालं असं की तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी एक काचेचं कपाट आणून उभं केलं होतं. आत तुमच्या पुस्तकांच्या दुकानातल्या प्रती. मला तर ओळखूच येईनात. पाठीला पांढरा कागद, कागदावर नंबर, वरून प्लॅस्टिक. बापूसाहेब छाती काढून सांगत होते, “पोरांनी पार घाण करून ठेवली होती ही पुस्तकं. पानोपानी पेन्सिलीच्या रेघोट्या! आपल्या स्मृती समितीनं श्रमदान घेतलं. तीन दिवस खपून एकूण एक रेघ काढली. आज आक्कांचं प्रत्येक पुस्तक कोरं करकरीत आहे.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, आक्का. शोकसभेत. टाळ्या.

तुमच्यावर बोलायला सात जण उठले होते. सातांतल्या एकानंही तुमच्या गिरणीची पायरी चढलेली नव्हती. गिरणी चालू होती तेव्हा दळणालासुद्धा नाही. एक म्हणाला ज्ञानगंगा, दुसरा म्हणाला दीपस्तंभ. तिसऱ्यानं तुमचं नावच चुकवलं. आणि ‘छान’! छान कार्य, छान व्यक्तिमत्त्व, छान उपक्रम. मी बोटं दुमडत मोजत होतो. हातापायांची बोटं संपली, मग शेजाऱ्याची घेतली. तुमच्या दुकानात ज्या शब्दाला बंदी, तो शब्द तुमच्याच फोटोसमोर पोत्यानं ओतला.

ही लोकं जे घाण म्हणत होती ते काय होतं, हे मी आज लिहून ठेवतो आहे. तुम्हाला सांगायची गरज नाही. पण तुमच्याकडं तोंड करून बोललो की माझ्या थापा थोड्या आवरतात, म्हणून तुम्हालाच सांगतो.

गिरणीत पुस्तकं आली ती दळणाच्या रांगेमुळं. पोरं डबे घेऊन यायची आणि नंबर लागेपर्यंत एकमेकांच्या झिंज्या उपटायची. तुम्ही चार पुस्तकं आणून ओट्यावर टाकली. पोरं गप झाली. इतकी गप झाली की एका पोराची ज्वारी तीनदा दळून निघाली तरी ते उठेना. त्या पिठाच्या भाकरी इतक्या तलम झाल्या की त्याच्या आईला भाकरीतून तवा आणि तव्यातून चूल दिसत होती. ही गोष्ट मी जिल्हाभर सांगितली. तुम्ही दर वेळी हातातलं काम न सोडता म्हणायच्या, “तीनदा न्हाई. दोनदा.”

पुढं घरोघरी छोट्या चक्क्या आल्या आणि तुमचा पट्टा थांबला. जातं मात्र एवढं जड की काढायला कुणी धजेना, म्हणून तुम्ही त्याच्या भोवतीनंच फळ्या ठोकल्या आणि पुस्तकं मांडली. चार शहाणी माणसं तुम्हाला सांगायला आली की गाईडं ठेवा, भरतीची पुस्तकं ठेवा, तेच खपतं. तुम्ही म्हणालात, “ते हिंगोलीला मिळतंय. जे तिथं मिळत न्हाई ते मी ठिवणार.” त्यानंतरही पोरं “गिरणीत जातो” म्हणून निघाली की गावात नव्यानं आलेली सून त्यांच्या डोक्यावर ज्वारीचा डबा द्यायची. पोरगं गिरणीपर्यंत डबा घेऊन यायचं, त्यावर बसून वाचायचं, आणि तसाच भरलेला डबा घेऊन घरी जाऊन मार खायचं.

प्रत्येक पुस्तकाच्या तुमच्याकडं दोन प्रती असायच्या. एक विकायची आणि एक दुकानाची. दुकानाची प्रत कुणीही घ्यावी, जात्याच्या ओट्यावर बसावं, वाचावी. फक्त जात्याला सुतळीनं बांधलेली पेन्सिल होती, तिनं समासात काहीतरी लिहायचं आणि खाली नाव, गाव टाकायचं. ‘छान’ सोडून काहीही. कुणी ‘छान’ लिहिलं की तुम्ही पुस्तक हातातून काढून घ्यायच्या. “छान तर लोक चहालाबी म्हणतेत. तुला काय झालं ते लिव.”

मी एकदा विचारलं होतं, पेन्सिल काहून, पेन द्या की चांगला. तुम्ही म्हणालात, “पुढच्या वर्षी त्यालाच वाटंल आपण येडं लिवलं. मंग त्याचं त्यानं खोडावं. दुसऱ्यानं न्हाई.”

नवीन आलेलं लेकरू तुम्हाला कधी विचारायचं नाही की कोणतं पुस्तक घेऊ. ते दुकानाच्या प्रती चाळायचं. नरसीच्या एका पोरानं एका जाड पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं : “दहाव्या पानापासून तिसाव्या पानापर्यंत नुसतं झाडांचं वर्णन आहे. दम धर. पुढं खून आहे.” ते पुस्तक तुम्ही पाच वेळा मागवलं, पाच वेळा संपलं. भुताच्या गोष्टीत एकानं लिहिलं होतं, “इथं भीती वाटली नाही.” त्याखाली दुसऱ्यानं, “मला वाटली.” त्याखाली तिसऱ्यानं, बारीक अक्षरात, “मलापण. पण मी वर्गात सांगणार नाही.” आक्का, खाली त्याचं नावही होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. मी! माझ्या पोटात गोष्ट टिकली, ही माझ्या आयुष्यातली एकमेव खरी अचाट गोष्ट.

आणि शेळी. तांड्यावरची सोनी तेव्हा तिसरीत होती. तिच्या घरी बारा शेळ्या. एका पुस्तकात शेळी पावसात नाचते असं चित्र होतं, खाली कविता होती. सोनीनं समासात लिहिलं : “शेळी पावसात नाचत नाही. ओसरीत घुसते. लेखकाकडं शेळी नाही.” दिवाळीत पुसेगावचं एक पोरगं मामाकडं आलं, त्यानं खाली लिहिलं, “आमची नाचते.” सोनीनं त्याखाली लिहिलं, “ती आजारी असेल. डॉक्टरला दाखव.” ते पोरगं उन्हाळ्यात परत आलं तेव्हा धावत गिरणीत गेलं, पान काढलं, आणि लिहिलं : “दाखवली. जंत होते.”

ही दोघं एकमेकांना आजवर भेटलेली नाहीत. दिवाळी ते उन्हाळा त्यांची गाठ त्या समासातच पडली.

तुम्ही सोनीचं म्हणणं कार्डावर उतरवून प्रकाशकाला पाठवलं होतं. आठ महिने झाले, उत्तर नाही. मला राहवेना. मी ओट्यावरच्या पोरांना सांगितलं की उत्तर आलं, लेखकानं शेळी विकत घेतली, पावसाची वाट बघून राहिला आहे. पोरं नाचली. तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. मी म्हणालो, अहो आक्का, लेकरं खूश झाली ना? तुम्ही म्हणालात, “त्यांनी खरं लिवलं व्हतं, गंगाधर. त्याला खोटं उत्तर दिलंस तू.” तुमचं खरं होतं, पण मी ते कबूल केलं नव्हतं. आता करतो.

एक पान मात्र मला थट्टेत सांगता येत नाही. एका गोष्टीत मुलीची आई जाते. त्या पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत एका लेकरानं लिहिलं होतं : “ज्यांना आई नाही त्यांनी हे पान सोडून पुढचं वाचावं. पुढं बरं होतं.” नाव नव्हतं, गावही नव्हतं. तुमचा नियम मोडलेला होता आणि तुम्ही काही बोलला नव्हतात. त्याखाली वेगळ्या अक्षरात, कधीतरी पुढच्या वर्षी आलेलं : “मी सोडलं नाही. वाचलं. बरं वाटलं.”

घाण म्हणे! रेघोट्या म्हणे! अहो, त्या सात भाषणांचा रस काढून आटवला तरी त्यातून या दोन ओळींएवढं काही निघेल का? सभेत मी हेच ओरडलो. बापूसाहेब म्हणाले, “गंगाधरराव, पुस्तकात लिहिणं ही वाईट सवय आहे. पोरांना चांगलं वळण लावायचं की न्हाई?” मी म्हणालो, “तुमी शेवटचं पुस्तक कधी उघडलं?” ते म्हणाले, “आताच की.” आणि खरंच, त्यांच्या हातात एक पुस्तक होतं, किती स्वच्छ झालंय ते दाखवायला कपाटातून काढलेलं. शेळीचंच.

तुमचं आणि माझं भांडण मिटलंच नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. गिरणीवर एक भोंगा लावू द्या, एवढंच मी मागत होतो. “आली हो आली, नवी पुस्तकं आली” असं मी स्वतः ओरडणार होतो, फुकट. तुम्ही ठाम नाही म्हणालात. वाचणाऱ्या लेकराला हाक मारायची नाही, हा तुमचा कायदा. एखादी माय पोराला न्यायला तणतणत आली की तुम्ही तिला स्टूल द्यायच्या. “पान संपू दे बाई. तोवर बस.” ती माय बसायची, इकडं तिकडं बघायची, आणि हळूच एखादी दुकानाची प्रत उघडायची. अशा तीन मायांची नावं मी सांगू शकतो ज्या पुढं पोरांना न्यायच्या निमित्तानं रोज लवकर यायला लागल्या. तुम्ही मला म्हणायच्या, “तुझ्या भोंग्यानं एवढं झालं असतं का?”

नसतं झालं. हे घ्या, हेही कबूल.

माझ्या भोंग्यावर तुमचा राग जुनाच. त्या लग्नाच्या वेळेपासूनचा. त्या दिवशी माझ्या खिशात दोन चिठ्ठ्या होत्या, एक लग्नाची, एक दहाव्याची. मी गाडीवर उभा राहून तीन गावांत सांगितलं की अमुक यांच्या चिरंजीवांचा शुभविवाह असून सर्वांनी जड अंतःकरणानं उपस्थित राहावं. अर्धं वऱ्हाड रडत आलं. नवरदेवाचा आजा तर नवरदेवालाच मिठी मारून विचारत होता, “कसं झालं रे हे?” सगळं गाव हसलं. तुम्ही तेवढ्या गिरणीतून बाहेर आलात, पदराला हात पुसले आणि म्हणालात, “गंगाधर, आधी वाचत जा, मंग ओरडत जा.” मी म्हणालो, आक्का, मी माइकवाला. चिठ्ठी हातात येते, तोंडातून बाहेर जाते. मधे डोक्यात थांबायला तिला कुठं वेळ आहे? तुम्ही हसला नाहीत. दर भेटीत तेच वाक्य. शेवटच्या भेटीतही. तुम्ही खाटेवर, मी तुम्हाला करमणूक म्हणून नवी थाप सांगत होतो, आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “वाचत जा बाबा.”

तुमच्यामागं तुमचं सगळं माझ्याच भोंग्यानं केलं. तुम्ही गेल्याचं मीच सांगितलं, सावडायची वेळ मीच सांगितली, समितीनं ज्या ज्या चिठ्ठ्या दिल्या त्या त्या मीच गावोगाव नेल्या, सभेचंही मीच सांगितलं. एक पैसा घेतला नाही. मला वाटत होतं, आक्काला दाखवावं भोंगा काय कामाचा असतो ते.

आता ते, जे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही मला विचारायच्या, कोणतं वाचलंस? आणि मी फडाफडा सांगायचो : खुनाचं वाचलं, मधे झाडांचा लई कंटाळा येतो. भुताचं वाचलं, काही मला भीती बीती वाटली नाही. राजाचं वाचलं, राजाला कामच काय असतं? तुम्ही मान हलवायच्या. गावात मी सांगत फिरायचो की आक्काच्या दुकानातली निम्मी पुस्तकं ह्या गंगाधरानं पालथी घातली.

आक्का, मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. बारीक छापलेलं बघितलं की मला झोप येते, लहानपणापासून. मी फक्त समास वाचायचो. पोरांनी पेन्सिलीनं लिहिलेलं. दुपारी कुणी नसताना ओट्यावर बसून एकेक पान उलटायचो, मधला मजकूर सोडून कडेकडेनं जायचो. हसायचो. त्या आईच्या पानापाशी थांबायचो. मी पाचवीत असताना माझी आई गेली, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्या पानाखाली मलाही काहीतरी लिहावंसं वाटायचं. चार वेळा सुतळीची पेन्सिल हातात घेतली. एवढ्या तोंडाचा माणूस, पण एक ओळ उतरली नाही.

माझ्या जन्मात मी जेवढं वाचलं ते सगळं त्या कपाटात खोडलेलं पडलं आहे. बापूसाहेबांनी कपाटाला कुलूप लावलं आणि जाहीर केलं की पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ते उघडण्यात येईल. वर्षातून दोनदा! आणि लेकरांनी रांगेत उभं राहून काचेबाहेरून बघायचं. जिथं पोरं ज्वारीच्या डब्यावर बसून लेखकाशी भांडत होती, तिथं आता हात लावायचा नाही.

तुम्हाला माहीत होतं का हो? मी समासच वाचतो हे? एकदा मी राजाच्या गोष्टीवर बोलत असताना तुम्ही म्हणालात, “त्या पानाच्या उजव्या बाजूलाबी लिवलंय बघ एकानं.” मी तेव्हा पळ काढला. आता मला वाटतं, माहीत होतं. आणि तरी तुम्ही एका पोरासारखं मला बसू दिलंत. त्या गिरणीत पन्नाशीच्या माइकवाल्यालाही कुणी “हे तुझ्यासाठी न्हाई” असं म्हटलं नाही, हे मी आज सांगतो. आधी सांगायला हवं होतं.

सभा मोडली. लोक चहा पिऊन गेले. चहालाही ‘छान’ म्हणाले. बापूसाहेबांच्या हातातलं शेळीचं पुस्तक मी काढून घेतलं होतं, ते परत दिलं नाही. भर उन्हात समोरच्या गिरणीच्या पायरीवर बसलो. पान शोधलं. पान तिरपं धरलं, आडवं धरलं, डोळ्याला लावलं. म्हटलं, पेन्सिलीची दाबलेली खूण तरी दिसेल. काही नाही. कागद जरा फुललेला, बस. शेळी पावसात नाचून राहिली होती आणि तिला अडवणारं कुणी नव्हतं.

समोर पाहिलं तर सोनी. आता सातवीत आहे. माझ्या खुर्च्या एकात एक घालून रचत होती, कुणी सांगितलं नसताना. तेव्हा मला कळलं की श्रमदानाला तीसुद्धा होती. समितीनं श्रमदानवाल्या पोरांना दिलेला निळा बिल्ला तिच्या फ्रॉकला होता. माझं डोकं पुन्हा पेटलं. बापूसाहेबांना कळत नाही, ठीक. पण ही? आक्काच्या ओट्यावर वाढलेली? मी पुस्तक तिच्यापुढं नाचवलं. सगळा बाजार ऐकेल असा ओरडलो, “सोने, तुला तर आक्काचा कायदा ठाऊक व्हता! ज्याचं त्यानं खोडावं! तू सगळ्यांचं खोडलंस? पुसेगावच्या पोराचं खोडलंस? त्या आईच्या पानावरचं खोडलंस? काहून? कुणाचं ऐकून?”

तिनं हातातली खुर्ची रचली. मग माझ्याकडं बघून म्हणाली,

“तुमीच सांगितलं व्हतं की मामा, भोंग्यावर. येताना खोडरबर आणा म्हणून.”